पानं किती धरायची?

प्रिय पत्र्या,

खडखड, खडखड. तुझ्या कंपासपेटीचा तो आवाज अजून माझ्या कानांतून गेलेला नाही. पाचवीच्या वर्गात मी उभा राहून कविता म्हणायला लागायचो. नदी नुकती डोंगराआडून बाहेर पडलेली असायची, गुरुजींचे डोळे अर्धे मिटलेले असायचे, आणि नेमकी तेव्हाच मागच्या बाकावर तुझी पेटी वाजायची. नदी जागच्या जागी आटायची. वर्ग हसायचा आणि तू साळसूद चेहऱ्यानं विचारायचास, "का रे कवड्या, थांबलास का?" कवी आणि कवडी यांची ती सोयरीक तुझ्याच डोक्यातली. पुढे तू खिळे-बिजागऱ्या विकत गल्ल्यावर बसलास, मी छापखान्यात मुद्रितं तपासत डोळे घालवले, दोघांचेही दात गेले. तुझी खडखड मात्र शाबूत आहे. गेल्या रविवारी माझ्या खोलीत तेच झालं. फक्त या वेळी कविता माझ्या नातीची होती.

हो, कविताच म्हणतो मी तिला. तुला तो नुसता आपल्या नातवंडांच्या लग्नाच्या खर्चाचा अंदाज वाटला. पंख्यानं कागद उडत होता म्हणून तुझ्या नातवानं त्यावर तळहात ठेवला होता आणि पोरगी त्याच्या बोटांमधून वाचत होती. हॉल, जेवण, कपडे, फोटो. सगळं दोघांच्या पगारातून, कर्ज नाही, कुणापुढे हात पसरणं नाही. माणसं एकशेवीस. आणि अगदी शेवटी त्या भाड्याच्या दोन खोल्यांची अनामत. मी त्या खोल्या पाहून आलोय. तिसरा मजला, खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, नळाला करंगळीएवढी धार. पण पूर्वेला खिडकी आहे. तिच्यात उभा राहिलो आणि शाळेतली पहाटेची कविता आपसूक ओठांवर आली. पोरगी म्हणाली, "आजोबा, पहाट नंतर. आधी भिंतीला ओल आहे का ते बघा."

आणि तू काय केलंस? खिशातलं पेन काढून त्या शेवटच्या ओळीवर काट मारलीस. "हे घर मध्येच कुठून घुसलं? लग्नाचा हिशोब आहे की घरमालकाचा? जन्मभर लोकांकडे जेवलो, आता आमच्या घरी कार्य निघालं तर तोंड लपवायचं? चारशे माणूस झालंच पाहिजे."  त्यावर बोलली ती माझी नात. "आजोबा, ती चारशे माणसं जेवून संध्याकाळी आपापल्या घरी जातील. आम्ही कुठे जायचं?" काय उत्तर दिलंस आठवतं? "आमच्याकडे राहा की. माडीवरची खोली रिकामीच आहे."

आता त्या अठ्ठेचाळीसबद्दल. त्यावरून तू फोनवर मला चिक्कू, कवडीचुंबक, नाटक्या, काय काय म्हणालास. मी रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला होता, तरी शेजारच्या बाई दारात आल्या. तुझ्या मते मी ठरवून तुझा अपमान केला. अरे गाढवा, ठरवून अपमान करायचा असता तर मी तो वृत्तात केला असता! झालं ते असं. दुपारी केटररचा फोन आला. पोरं कामावर असतात म्हणून त्याला माझा नंबर दिलेला. त्यानं विचारलं, "आजोबा, पानं किती धरायची?" मी तेव्हा लग्नात वाटायच्या पुस्तिकेत गुंतलेला. शाळेतल्या पाठ कविता मी आठवून आठवून उतरवल्या होत्या, येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एकेक द्यायची होती. ज्यानं उभा जन्म छापखान्यात काढला, त्याला पान म्हटलं की कागदच दिसणार. सोळा पानांचा एक फर्मा, असे तीन फर्मे. मी म्हणालो, "अठ्ठेचाळीस." तो म्हणाला, "एवढीच?" मी म्हणालो, "जास्त केली तर लोकांना पचत नाहीत." तो म्हणाला, "गोड किती?" मी म्हणालो, "एकदोन पुरे. सगळंच गोड झालं की तोंडाची चव जाते." त्यानं इमानदारीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी तू परस्पर चारशेचा आकडा सांगायला त्याला फोन केलास. आम्हाला न विचारता, पैसे पोरांच्या नावावर! तिथे तुला अठ्ठेचाळीस ऐकू आले, आणि मग फोनवर माझ्यावर ओरडलास, "लग्न मोडलं समज."

नात ते ऐकत माझ्याशेजारीच उभी होती. फोन ठेवल्यावर मी तिला पानांची गंमत सांगितली. ती हसली, हसता हसता रडली, डोळे पुसले आणि तुझ्या नातवाला बोलावून घेतलं. दोघं माझ्या पलंगावर मांडी घालून बसली. ज्यांच्याबरोबर खरंच जेवावंसं वाटतं अशी माणसं मोजू लागली, तर अठ्ठेचाळीसदेखील भरेनात. आता तेच कायम झालंय. हॉल रद्द. उरलेल्या पैशांत खोलीला रंग आणि एक कपाट.

पत्र्या, मी वेडा असेन, पण मुद्रितात नजरचुकीनं काय पडलंय आणि मुद्दाम काय गाळलंय, एवढं मला कळतं. तुला चारशे माणसं नकोच होती. तुला एक माणूस हवा होता. अनामत जेवणात उडाली की नातू माडीवर राहील, सकाळी तुझ्याबरोबर दुकान उघडेल, रात्री तुझा चष्मा शोधून देईल. सरळ तोंडानं सांगितलं असतंस तर पोरांनी तुझ्याजवळच खोली शोधली असती. पण सरळ बोलशील तर तू पत्र्या कसला! उलट त्या पोराला सगळ्यांदेखत "बायकोच्या ताटाखालचं मांजर" म्हणालास. तेव्हापासून तो तुझं नाव काढत नाही. काल यादी पुरी करताना त्यानं तुझं नाव घातलं नाही. नातीनंही आग्रह केला नाही. मी मात्र केला. तुझी कीव आली म्हणून नाही. अजूनही तू समोर आलास तर मी तोंड फिरवीन. पण आजोबाला वगळून लग्न केलं ही बोच त्या पोराला जन्मभर लागेल, आणि ती त्या दोन खोल्यांत राहायला यायला नको. म्हणून हे पत्र, पोरांना न सांगता. माझी पुस्तिका मी खर्चातून काढून टाकली आहे. आता तू तुझे चारशे काढ. पुढच्या शुक्रवारी लग्नाला ये, नातवाची माफी माग, मुकाट्यानं जेव आणि

दार वाजलं म्हणून उठलो होतो. तुझी बायको आली आहे. एकटी. तुझ्याशिवाय हा जिना ती कधी चढल्याचं मला आठवत नाही. डोक्यावर गुंडाळलेली गादी, काखेत दोन उशा, आणि बसायला सांगितलं तर बसत नाही. "भावजी, पोरांच्या खोलीची किल्ली तुमच्याकडे असते ना? ही माडीवरची गादी तिथे टाकायची, पोरांसाठी. उठा, चप्पल घाला. ह्यांना मी दुकानात सांगून आलेय, की आजपासून माडीला कुलूप."

तुझाच,
कवड्या