नुसतं चित्र, चित्र

लातूर, मंगळवार संध्याकाळ

क्लासच्या सरांवरचा राग अजून उतरत नाही. त्यांची वेबसाइट मी बनवली, पण सगळी माहिती फोटोतच टाका, हा हट्ट त्यांचा. आज माहूरहून एक अंध मुलगी चौकशीला आली. तिचा फोन साइट वाचून दाखवताना नुसतं "चित्र, चित्र" म्हणत होता.

"फॉर्मची तारीख कुठं हाय, मॅडम?" तिनं विचारलं.

मी सरांना म्हणाले, "फोटोऐवजी अक्षरं टाकते, तासाभराचं काम हाय."

ते तिच्यासमोरच म्हणाले, "अशी पोरं कितीक येतात? ऱ्हाऊ द्या."

ती निघून गेली. चित्र, चित्र. साइट बनवताना मी तरी का ऐकलं त्यांचं?

घरी येऊन न विचारता सगळा मजकूर टाकला. उद्या सर ओरडतील, ओरडू देत. ती मात्र परत येणार न्हाई.