आमच्या जिनिंगवरचं परकीय आक्रमण

वणी

श्री. राजकुमारभाऊ यांस बबनरावाचा वाकून नमस्कार. (वयानं तुम्ही धाकटे, पण मेहुणे, त्यात विमा एजंट, तेव्हा आज वाकणं माझ्याकडेच आलं.) तुमची शुगर कशी आहे? इकडे तुमच्या ताईची प्रकृती उत्तम, आवाज तर फारच उत्तम.

आबांनी जावयावर विश्वास ठेवून सोपवलेली जिनिंग ऐन कापसाच्या हंगामात बंद पडली, हे कळलंच असेल. सकाळी वजनकाट्याचा कॉम्प्युटर उघडला, तर पडद्यावर कवटी आणि खंडणीची मागणी! त्याच दिवशी नागपूर, चंद्रपूर, पार परदेशातही असंख्य कॉम्प्युटर असेच बसले. टीव्हीवाला म्हणाला, यामागे शत्रुराष्ट्राचं सैन्य असावं. तिथेच माझी मती फिरली. आजवर वणीत मला कुणी विचारलं नव्हतं, आणि आता थेट परकं सैन्य चालून आलेलं! टपरीवर मी थोडं वाढवून सांगितलं (सेनापतीनं माझं नाव घेऊन धमकावलं, वगैरे). व्यापारी मंडळानं शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, चौकात फ्लेक्स लावला. भाषणात मी छाती काढून म्हणालो, हे युद्धच होतं. टाळ्या पडल्या, खोटं कशाला सांगू.

विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकसान बघायला आला तो फ्लेक्सचा फोटो काढूनच. तुम्ही विकलेल्या पॉलिसीत लिहिलंय, चोरानं कॉम्प्युटर बंद पाडला तर भरपाई. परक्या सरकारनं युद्ध म्हणून पाडला तर नाही. (तसा घाव एकाच वेळी सगळ्यांवर बसतो, सगळ्यांना देता देता कंपनीच बुडेल, म्हणे.) टीव्हीवाल्याचं 'असावं' त्यांना पुरत नव्हतं. माझं भाषण पुरलं. तुमची ताई म्हणते, "चोर होता म्हनाले काय जात होतं जी? सत्काराची येवढी हौस कायले?" खरंच, काय जात होतं? भरपाई मिळाली नाही तर आबांची जिनिंग विकावी लागेल. फार वाईट वाटतं, भाऊ.

तुमचा,
बबनराव

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. भाषणात सगळं फेकलं होतं, असं मी सर्व्हेअरला सांगितलं. तो म्हणाला, तुम्ही फेकता याचा पुरावा आणा. तर मी पहिल्यापासून फेकाड्या आहे, असं तुम्ही लेखी द्यावं.

ता. क. दुसरा. 'बबनराव फेकाड्या आहे' अशा कागदावर वणीतल्या सह्या एका दुपारीत झाल्या. पहिली सही सत्कार करणाऱ्या अध्यक्षांची. कशासाठी हवी, हेही कुणी विचारलं नाही. मला वाटलं होतं, एखादा तरी म्हणेल, "नाही जी, बबनराव तसा माणूस नाही."