भालूची लस

अवधपुरी, भोपाळ
१८ नोव्हेंबर २०१९

ती. इंदुमतीआत्यांना वंदनाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. पंच्याऐंशीव्या वर्षीही तुमचं अक्षर तसंच ठसठशीत आहे, आणि मजकूरही. इकडे थंडी सुरू झाली आहे. आईचे गुडघे कुरकुरतात, पण सकाळी फाटकाशी उभं राहून भाजीवाल्याशी हिंदीत भांडायचा तिचा नेम चुकलेला नाही. “भैया, कलका पालक एकदम बेकार निकला,” एवढं ऐकू आलं की मी समजते, आई बरी आहे.

उदय रोज पुण्याहून फोन करतो. त्याच्या लेकीने, आपल्या कांचनने, तुमच्या नातवाला पसंत केल्यापासून माझा भाऊ जमिनीवर नाही. मलाही नीळकंठ फार आवडतो. हुबेहूब बापासारखा, आपल्या अरविंदसारखा हसतो.

एक विनंती आहे. हे पत्र भिंग घेऊन स्वतःच वाचा. अरविंदकडून वाचून घेऊ नका. का, ते पुढे लिहिते.

तुम्ही लग्नासाठी दोन अटी घातल्या आहेत. पहिली, “रक्त तपासायची तुझी थेरं लग्नघरात आणू नकोस.” दुसरी, “लीलावतीला हळदीला आणि ओटी भरायला पुढे करू नका, तिचा हात लागायला नको.” आईबद्दलची ही दुसरी अट वाचली आणि पत्र फ्रिजवर टाकून दिलं. चार दिवस त्याला हात लावला नाही. इतका राग आला होता, की तेव्हा लिहिलं असतं तर नमस्कारसुद्धा घातला नसता.

पहिल्या अटीला तुम्ही उशीर केलात. मे महिन्यात अरविंद आणि नीळकंठ भोपाळला आले होते, ते काही तलाव बघायला नव्हे. कांचनही आली होती. तिघांनी आपण होऊन रक्त दिलं. तुम्हाला सांगायचं नाही, असं त्यांचं ठरलं होतं. आता अरविंदच म्हणाला, “आईला तूच कळव. तुझ्यावर ती निदान ओरडते तरी, माझ्याशी आठ दिवस बोलणार नाही.”

तुम्ही नेहमी विचारता, ही मुलगी जन्मभर नेमकं करते काय. मी सांगायला लागले की तुम्ही पोथी उघडता. आज उघडू नका. एकाच रांगेतले क्वार्टर, एकाच टाकीचं पाणी, एकच दवाखाना, तरी एका घरातलं पोर साध्या जंतूनं जातं आणि शेजारचं खेळत राहतं. असं का होतं, हे मी शोधलं. बाबांच्या कारखान्याच्या वसाहतीत मी इतकी वर्षं घरोघर फिरले, की इंद्रपुरीतल्या बायका मला बघून हाक मारायच्या, “खूनवाली दीदी आ गई, चाय रखो!” आमच्या संस्थेचे एक संचालक म्हणाले होते, “मॅडम, दो-चार घरों की बीमारी पर कौन पैसा देगा?” मी म्हटलं, त्या दोन-चार घरांतलं एक माझं आहे. पैसे मिळाले नाहीत. काम थांबवलं नाही.

ते घर आपलं, आत्या. ते पोर भालू.

माझ्या धाकट्या भावाचं भालचंद्र हे नाव तुम्हीच ठेवलंत, पाळण्यापाशी वाकून त्याच्या कानात तुम्हीच म्हणालात. मी सात वर्षांची होते, मला आठवतं. दुसऱ्या दिवशी आई त्याला क्षयाची लस टोचायला दवाखान्यात घेऊन निघाली, तेव्हा तुम्ही दारात आडव्या उभ्या राहिलात. “कोवळ्या पोराला सुई कशाला?” आई तुमच्या शब्दाबाहेर जन्मात एकदाच गेली, ती त्या दिवशी. पुढे त्याच्या काखेत गाठ आली, मग ताप, मग अंगभर गाठी. वर्षाचा व्हायच्या आत तो गेला. घरात माणसं जमली होती, आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, “आईनंच पोराला टोचून मारलं.”

बाबा गप्प बसले. त्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

तेव्हापासून आपल्या घरच्या एकाही बारशात आईच्या मांडीवर मूल दिलं गेलं नाही. कांचनच्या बारशालासुद्धा तुम्ही होतात, म्हणून आजी असून ती स्वयंपाकघरात नारळ खवत बसली होती.

आता ऐका. त्याच सकाळी, त्याच कुपीतली लस शेजारच्या मल्याळी घरातल्या जुळ्यांना टोचली होती. दोघंही आज टकले होऊन मजेत आहेत. लसीतला जंतू अगदी दुबळा असतो, कुठलंही धडधाकट बाळ त्याला परतवतं. त्यासाठी शरीराला एक सूचना लागते. ती प्रत्येकाकडे दोन प्रतींत असते, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. घराच्या दोन किल्ल्या असतात ना, तसं. एक मोडली तरी दुसरीनं कुलूप उघडतं. बाबांची एक किल्ली मोडकी होती. आईचीही एक, आणि अगदी त्याच जागी मोडलेली. दोघांची मोडकी तेवढी भालूच्या वाट्याला आली. त्याचं रक्त आज माझ्याकडे नाही, त्यामुळे शपथेवर सांगणार नाही. पण बाबा होते तेव्हा त्यांचं आणि आईचं रक्त मी स्वतः तपासलं आहे, आणि मला शंका उरलेली नाही.

दोघांत एकच दोष कुठून आला, हेही विचारा. आई तुमच्या सख्ख्या मामाची मुलगी. “मामाची मुलगी घरात आहे, बाहेर कशाला बघायचं,” असा हट्ट धरून तुम्हीच तिला धाकट्या भावासाठी आणलीत. तो दोष तुमच्या आजोळचा, दोन्ही वाटांनी एकाच पाळण्यात आला. यात तुम्हालाही अपराधी म्हणत नाही. तुम्हाला काय माहीत होतं? पण मग आईला तरी काय माहीत होतं?

आता अरविंदपासून लपवायचं ते. मी पंचविशीत असताना तुम्ही त्याच्यासाठी मला मागणी घातलीत. पुन्हा मामाचीच मुलगी. मी नाही म्हटलं, आणि तुम्ही नागपूरभर सांगितलंत, वंदना शिकून शेफारली. मी ते खोडलं नाही. मला अरविंद हवा होता, आत्या. फार हवा होता. पण अशी मुलं बहुधा नात्यातल्या लग्नात होतात, एवढं मी तेव्हा नुकतंच वाचलं होतं. तपासणी नव्हती, नुसता संशय होता. त्या संशयावर मी एकटी राहिले.

अरविंदचा रिपोर्ट या मे महिन्यात मीच काढला. माझी एक किल्ली मोडकी आहे, अरविंदच्या दोन्ही शाबूत. आमची मुलं ठणठणीत निघाली असती. त्या दुपारी प्रयोगशाळेचं दार लावून मी पोटभर रडले. त्याला मी फक्त रिपोर्ट सांगितला. बाकीचं तुमच्याजवळ ठेवा.

मी पस्तावले असं मात्र समजू नका. माहीत नसताना दुसरा भालू जन्माला घालण्याची जोखीम मी आजही घेणार नाही. पण कांचन-नीळकंठला माझ्यासारखं अंधारात ठरवायला लागू नये, म्हणून मी थेरं करते आणि करत राहीन. नीळकंठमध्येही हा दोष नाही. कांचनचा रिपोर्ट कांचनजवळ आहे, तो विचारू नका. तो काहीही असो, या दोघांच्या मुलांना भालूचा आजार होणार नाही. खुशाल मुहूर्त काढा.

दुसऱ्या अटीचं उत्तर, नाही. हळदीचा पहिला हात आईचा लागेल. ओटी तीच भरेल. विधवा म्हणून कुणी कुजबुजलं, तर त्यांना मी बघून घेईन. उदय आणि कांचन माझ्या बाजूला आहेत. तुम्हाला पटत नसेल, तर तुमच्याशिवाय लग्न होईल, आणि मला त्याचं वाईट वाटेल, पण होईल.

आईला मी हे सगळं गेल्या रविवारी सांगितलं. ती मेथी निवडत होती. तिनं किल्ल्यांचं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग विचारलं, “म्हणजे मी नेलं, ते चुकलं नव्हतं?”

मी म्हटलं, “नाही आई. चांगल्या आईनं करावं तेच तू केलंस.”

तिनं हातातल्या चार काड्या निवडल्या. मग जुडी बाजूला सारून म्हणाली, “मला काय सांगतेस? वन्संना सांग.”

सांगितलं.

भालूची ताई,
वंदना