काकाच्या घरासमोरचा हॉर्न

ताई,

गाडी मी नेलीय. शिकाऊ लायसन्सवर एकटीने नेली म्हणून काय ओरडायचं ते मी आल्यावर ओरड.

काल बाबांना त्या जुन्या दगडी गावातून फिरवून आणलं. नेहमीसारखंच, गोगलगायीच्या वेगाने. "हळू, हळू" ऐकून माझं डोकं फिरलं होतं. काकाच्या बंद घरासमोर बाबा म्हणाले, "दोनदा हॉर्न दे." मी म्हटलं, "अकरा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला कसला हॉर्न?" आणि दिलाच नाही. बाबा एवढंच बोलले, "हॉर्न दिला की त्याला कळतं, आपण थांबत नाही. तू दिला नाहीस. आता तो यायला निघेल."

आज तू बेकरीत गेल्यावर आपल्या दारात दोनदा हॉर्न वाजला. गाडी अंगणात, किल्ली माझ्या मुठीत, रस्ता रिकामा. बाबा चपला घालून "आलो रे!" म्हणत निघाले. कसंबसं धरून आत आणलं. आता झोपलेत.

मी तिकडे हॉर्न द्यायला चाललेय. चुकलं माझं, कबूल. त्यांच्या चपला माळ्यावर टाकल्यात. बाहेरून कुलूप घालून जातेय, तू आलीस की आतून कडी घाल. मी आल्यावर दार वाजवेन.

हॉर्न वाजला तर ती मी नाही.