नांगर न लावलेला ट्रॅक्टर

बाबूजी,

तुमचा ट्रॅक्टर पुन्हा चालू झाला आहे. मुख्याध्यापिका असताना मी मुलींना सांगत असे की पत्रातला मुद्दा पहिल्या वाक्यात यायला हवा. तसा तो आला. पुढचं मात्र नीट मांडता येईल असं वाटत नाही, कारण मला ते नीट कळलेलंच नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायलाही आता मला थोडं थांबावं लागतं. तरीही विचारायचं आहे ते फक्त तुम्हालाच विचारता येतं.

तो घरी आला तेव्हा मी कॉलेजच्या उन्हाळी सुटीत अमरावतीहून कारंज्याला आले होते. सत्तर सालानंतरची ती वर्षं. तुम्ही कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगमध्ये आपल्या धान्याच्या अडतीसाठी जुना वजनकाटा पाहायला गेला होता. दुपारी दारात बैलगाडी थांबली आणि तिच्यावर दोरखंडानं बांधलेला हा एवढासा ट्रॅक्टर. जिनिंगच्या कुण्या गोऱ्या साहेबानं फार पूर्वी बंगल्याच्या बागेसाठी बोटीनं आणवलेला, बैलापेक्षा बुटका, एका माणसाच्या बसण्यापुरता, गंजानं विटकरी झालेला. मागे खेळण्यासारखा छोटा नांगर. समोरचा शिंपी मशीन सोडून बाहेर आला. "शेठजी, हे उलटंच पाहून राह्यलो. बैलावर ट्रॅक्टर?" तुम्ही धोतराचा सोगा सावरत गाडीवरून उतरलात. "म्हातारा झाला तो. पायी कायले चालवता त्याले?" आई उंबऱ्यात उभी होती. तिनं विचारलं, "काटा कुठी हाये?" तुम्ही म्हणालात, "काटा खराब होता." "आन हे चांगलं हाये का?" यावर तुम्ही गाडीवानाला पाणी आणायला मला आत पाठवलंत.

आईची हरकत गंजाला नव्हती. आपण जैन. धान्य घेतलं, विकलं, साठवलं. जमीन होती तीही बटाईनं दिली. पण आपल्या घरच्या कोणी कधी नांगर धरला नाही. जमीन फोडली की तिच्यातले जीव मरतात, हे आपल्याकडे पाढ्यांसारखं लहानपणीच पाठ होतं. तुम्ही तिला म्हणालात की मागच्या मोकळ्या जागेत दोडकी, भेंडी लावू, घरची भाजी होईल. ती म्हणाली, "भाजी बाजारात भेटते. हे पाप कुठी भेटते, ते पाह्यलं तुमी." तुम्ही हसलात. "हा काय नांगर हाये? खेळणं हाये." मला तेव्हा तुमचं पटलं होतं. आज दोघांचंही पटतं, आणि तिथूनच माझा गोंधळ सुरू होतो.

सुटीच्या दिवशी एसटी डेपोतला मिस्त्री येऊ लागला. मागच्या अंगणात, कडुलिंबाखाली ताडपत्री. इंजिन जाम झालेलं. मिस्त्री त्यात तेल आणि रॉकेल ओततो, वर फडकं घालतो आणि सांगतो की आता आठवडाभर कोणी हात लावायचा नाही. तुम्ही रोज सकाळी दर्शनाहून आलात की चप्पल काढण्याआधी ताडपत्री उचलून पाहता, आजारी माणसाचं पांघरूण उचलून पाहावं तसं. पिस्टन सुटला त्या दिवशी तुम्ही दुकानात पेढे वाटले आणि गिऱ्हाइकांनी विचारलं की पोरीचं जमलं का. सुटे भाग अकोल्याहून यायचे. ओळखीचा कंडक्टर पुडकं आणून द्यायचा. पुढचे टायर मिळेनात म्हणून हातगाडीचे बसवले. रंग दुकानाच्या फळ्यांना लावून उरलेला निळा. आणि पेट्रोल असो की रॉकेल, टाकीत ओतताना तुम्ही दुपदरी कापडातून गाळायचात. आपल्याकडे पाणी तसंच गाळून पितात, त्यामुळे आम्हाला त्यात वावगं वाटलं नाही. मिस्त्रीला हसू आवरेना. "शेठजी, रॉकेलमंदी कोणता जीव राह्यते हो?" तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "राह्यत नसन. पण गाळल्यानं काही बिघडलं का?" खरं म्हणजे कार्बोरेटरचं त्यानं भलंच झालं. पण तुम्ही कार्बोरेटरसाठी गाळत नव्हता, हे मला ठाऊक आहे. की होता? पाहा, मला इतकंही खात्रीनं सांगता येत नाही.

तुमच्या नखांत वंगण साचायचं. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं म्हणून आई आतून हाका मारायची आणि तुम्ही धुण्याच्या सोड्यानं हात घासत बसायचात, लहान मुलासारखे, पुन्हा पुन्हा हात उलटेपालटे करून पाहत. मी तुम्हाला इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. अडतीवर तुम्ही बरे होता, सचोटीचे होता, पण खुशीत नव्हता. हे लिहायला सोपं वाटतं. तेव्हा मला ते दिसलं होतं की आता मी ते तिथे ठेवते आहे, याचाही निकाल लागत नाही.

श्रावणात मी चार दिवस घरी आले होते. कार्बोरेटर साफ करायला काढलेला आणि इंजिनाचं हवा ओढायचं तोंड उघडं राहिलेलं. त्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं. ओल्या मातीच्या गोळ्या आणून, एकावर एक, तोंड पार बंद. मिस्त्रीनं स्क्रू ड्रायव्हर पुढे केला आणि तुम्ही त्याचा हात धरलात.

"राहू द्या."

"शेठजी, हे खरवडल्याबिगर इंजिन सुरू होत नाई."

"निघून जाईन ते. लेकरं मोठी झाली का जाईन."

"म्हंजे माशीचं बाळंतपण होयेपर्यंत मी घरी बसू?"

"बसा. पगार तं एसटी देते ना तुमाले?"

सगळे हसले. मी हसले नाही. मी प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला जे माहीत होतं ते माहीत असल्याचं सांगितल्याशिवाय राहवत नसे. मी म्हणाले, "बाबूजी, त्या घरात नुसती अंडी नसतात. माशी जिवंत अळ्या आणते, डंख मारून लुळ्या करते आणि आत भरते. पिल्लं त्यांना जिवंतपणी खाऊन वाढतात. घर ठेवलं तर अळ्या मरतात, मोडलं तर पिल्लं." मिस्त्री म्हणाला, "घ्या! आता कोणाले वाचवता?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "त्या अळ्यायले कळते का?" मी म्हणाले की ते पुस्तकात दिलेलं नाही. "मंग परीक्षेत काय लिहितं?" मी म्हणाले, जे दिलेलं आहे ते. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "कोणी इचारलं तं सांगावं. न इचारता काहून सांगून राह्यली?" आयुष्यात तुम्ही मला बोललात ते एवढंच. मला त्याचा राग आला होता. मी खोटं बोलले नव्हते. आजही मी तेच सांगेन, बहुधा त्याच आवाजात.

त्यानंतरचे दोन-तीन दिवस तुम्ही अंगणात गेला नाहीत. मग मी अमरावतीला गेले. दिवाळीला आले तर ट्रॅक्टर चालत होता. निळा, चकचकीत, धूर सोडणारा. तुम्ही पाडव्याला नवं धोतर नेसून त्यावर बसलात, अंगणातून रस्त्यावर, रस्त्यावरून अंगणात. शिंप्यानं टाळ्या वाजवल्या. मिस्त्री मागून नांगर उचलून घेऊन आला, आता लावू या म्हणाला, मागची जागा पावसानं मऊ होती. तुम्ही इंजिन बंद केलंत. "ते राहू द्या," म्हणालात, त्या दिवशीच्याच आवाजात. नांगर भिंतीला टेकून राहिला. ट्रॅक्टर तुम्ही त्यानंतर पुसत राहिलात, पण चालवला नाहीत. मागच्या जागेत गवत वाढलं आणि भाजी बाजारातूनच येत राहिली.

माशीचं घर कुठे गेलं, हे मी आईला विचारलं होतं. ती म्हणाली, "उडून गेल्या. मी सोता पाह्यल्या, एकामागून एक." मग मिस्त्रीला विचारलं, तेव्हा तो डेपोच्या फाटकाशी भेटला होता. "कायच्या उडतात? शेठजीनं सोताच्या हातानं काढलं, पार सकाळी. मले म्हणे, आता लागा कामाले." आई खोटं बोलणारी नव्हती. मिस्त्रीला खोटं बोलून काही मिळणार नव्हतं. तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणालात, "गाडी सुरू झाली ना?" मी अनेक वर्षं हे असं मांडून पाहिलं की तुम्ही घर काढलंत, त्याची टोचणी लागली, म्हणून नांगर लावला नाहीत. मग वाटायचं की माश्या खरंच उडाल्या असतील, आणि माझ्या बोलण्यानं तुमचा हिशेबच मोडला असेल: काहीही केलं तरी कोणीतरी मरतंच, तर निदान आपण होऊन फाळ टेकवू नये. मग वाटायचं, आईनं काही म्हटलं असेल. प्रत्येक कारण पुरेसं वाटतं आणि एकही बसत नाही. वर्गात असं उत्तर मी कापलं असतं.

निवृत्तीनंतर मी कारंज्याच्या घरी राहायला आले. या हिवाळ्यात ट्रॅक्टर दुरुस्त करायला घेतला. का, ते विचारू नका. असल्या जुन्या ट्रॅक्टरचं काय करायचं ते सांगणारा कोणी उरला नाही, म्हणून मोटारसायकलच्या गॅरेजवाल्याला बोलावून, त्याच्यावर ओरडून, रुसवून, परत बोलावून काम करून घेतलं. निळा रंगच दिला. इंजिन उन्हाळ्याच्या तोंडाशी सुरू झालं.

हे कळल्यावर केनवडची माझी एक जुनी विद्यार्थिनी आली. नवरा नाही, सासू आहे, आणि हळदीचं अरुंद वावर. दोन्हीकडे बांध असल्यानं मोठा ट्रॅक्टर तिथे फिरत नाही, आणि बैलजोडी आता गावात शोधावी लागते. मागच्या साली दोघींनी कुदळीनं गादीवाफे केले. लागवड इतकी लांबली की अर्धे कंद उगवलेच नाहीत, आणि सासूची कंबर अजून सरळ झालेली नाही. ती ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारून म्हणाली, "बाई, हा मले द्या. माह्या वावराच्या मापाचाच हाये."

मी म्हणाले, "आमच्या घरात नांगर धरत नाहीत."

"मी कुठी तुमाले धराले लावून राह्यली? मी धरन."

"ट्रॅक्टर आमचा आहे ना."

"बाई, हळद खाता का?"

"वाळलेली चालते. ओला कंद नाही."

"मंग ते वाळून आभायातून पडते का?" आणि ती हसायला लागली. "इतके महिने दुरुस्त केला. आता काय हळदीकुंकू वाह्यता का त्याले?"

मी तिला शाळेत शिकवलं होतं की उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचार. तिनं पुन्हा विचारलं. मी म्हणाले, चार दिवसांनी सांगते. तिला वाटलं मी धर्माचा विचार करते आहे. मलाही तसंच वाटलं. तुमच्या बाजूनं निर्णय घ्यायचा तर तुमची बाजू कोणती होती हे कळायला हवं, आणि मी त्या चार दिवसांत तीच जुनी कारणं पुन्हा मांडत बसले, एकदा अशी, एकदा तशी.

बाबूजी, काल मी मागच्या जागेला नळी लावली. जमीन रात्रभर भिजू दिली, म्हणजे हे रागाच्या भरात किंवा सहज झालं असं म्हणायची सोय नाही. आज सकाळी गॅरेजवाल्याकडून नांगर लावून घेतला, त्याला घरी पाठवलं, दार लावलं आणि ट्रॅक्टरवर बसले. या वयात, साडी खोचून. फाळ टेकवला. आधी काहीच झालं नाही, मग मागून जमिनीनं धरल्यासारखं वाटलं आणि मग ती उलटत गेली. काळी, ओली, वास येणारी. कुंपणापर्यंत गेले. उतरून पाहिलं. मुंग्या सैरावैरा झाल्या होत्या. एक पांढरी जाड अळी अर्धी कापली गेली होती आणि उरलेली हलत होती. तिला कळतं का, हे अजूनही मला माहीत नाही. मी तिच्याजवळ बसले. बराच वेळ बसले. वाईट वाटलं, ते खरंच वाटलं. आणि मग मी उठले, ट्रॅक्टर वळवला आणि पहिल्याशेजारी दुसरं तास घातलं. मग तिसरं, काही गरज नसताना.

तुम्ही थांबलात ते दयेनं, की आपल्याला हे किती आवडेल ते तुम्हाला बसल्याबसल्या कळलं म्हणून? हे कारण मला आजवर सुचलं नव्हतं. तेही बसतं असं म्हणत नाही. इतरांसारखंच पुरेसं वाटतं, एवढंच.

हा कागद कुठे टाकायचा ते मला माहीत नाही, तेव्हा तो कुठेच जाणार नाही. संध्याकाळी मी केनवडला फोन केला. उद्या टेम्पो घेऊन ये, ट्रॅक्टर ने, म्हणून सांगितलं. ती इतकी ओरडली की मला फोन कानापासून दूर धरावा लागला. मग मी म्हणाले, हळद लावून झाली की मात्र परत आणून द्यायचा, नांगरासकट. ती म्हणाली, "काहून बाई? तुमी काय कराल त्याचं?"

मी म्हणाले, बाबूजींची आठवण आहे, म्हणून. ते खरं नाही.