दोन सह्यांची जागा

मी, शिलाईकाम करणारी बाई, दोन मुलग्यांची आई, दोन नातींची आजी, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाचा दाब नसताना हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. शाळा फारशी झाली नाही, चुकलं तर वकीलसाहेबांनी सांभाळून घ्यावं.

मिळकत कुठे पळून जात नाही, आधी आनंद लिहिते. सीमेवर लढाई पेटली आणि जन्मभर एकमेकांची उणीदुणी काढणारे दोन्ही पक्षांचे पुढारी देशासाठी एकत्र आले. त्यांच्या सभेचा कापडी फलक मीच शिवला. कुणाचं नाव वर, यावर केवढा घोळ! शेवटी निरोप आला, "आजी, वरखाली नको, शेजारी शेजारी शिवा." दोघे त्याखाली बसलेले पाहून मला बाई रडूच आलं.

माझे मुलगे त्याच दोन पक्षांचे. मागे एका निवडणुकीत जुंपली आणि घराच्या मधल्या दाराला खिळे ठोकले. मला वाटलं, आता ते उघडेल. थोरला म्हणाला, "आमच्या पुढाऱ्याने नाक कापून घेतलं." भिंतीपलीकडे धाकटाही आपल्या पुढाऱ्याबद्दल तेच म्हणत होता. एवढं एकमत, तरी बोलणं नाही.

कलम पहिलं. घर मुलग्यांनाच देणार होते. पण या कागदावर दोघांची सही साक्षीदार म्हणून मला हवी, आणि ज्याला मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकील म्हणाले. म्हटलं, मग देऊच नका त्यांना. घर दोन्ही नातींना सारखं.

कलम दुसरं. शिलाई मशीन थोरल्याच्या मुलीला, कात्री धाकट्याच्या मुलीला. एकीचं दुसरीवाचून अडू दे.

कलम तिसरं. साक्षीदाराच्या बायकोलाही काही देता येत नाही म्हणे. सुनांनी राग धरू नये. थोरलीने माझं मोठं पातेलं न विचारता नेलंय, त्याचं कायदा काय ते बघेल.

सही करताना दोघांनी एकमेकांकडे बघावं, एवढंही घाला म्हटलं. वकील म्हणाले, "आजी, असं कलम नसतं." आता माझ्या हातात काही उरलं नाही.

लिहून देणार : आजी (सही)

साक्षीदार : थोरला मुलगा (सही)            धाकटा मुलगा

धाकटा उंबऱ्यापर्यंत आला, पण थोरल्याच्या खाली सही करणार नाही म्हणून माघारी गेला. म्हणून शेजारी जागा सोडली आहे.

ठिकाण : मधल्या दाराजवळची माझी खोली
तारीख : धाकटा येईल त्या दिवशी घालू