ताईचा कॉम्प्युटर जागा झाला

ताई,

तुझा भरतकामाचा कॉम्प्युटर सुरू झालाय. सगळी डिझाइनं जागेवर आहेत, त्या लग्नाच्या ड्रेसचंसुद्धा. गिऱ्हाइकाला खुशाल फोन कर.

जुनी डिस्क कपाटात आहे, फेकू नकोस. तिची नक्कल, म्हणजे इमेज, नव्या डिस्कवर कधीच उतरवून झाली होती. पण तिच्यावर कॉम्प्युटरला जागं करणारा बूटलोडर काही बसेना. तो बसवायचा डिस्कच्या अगदी सुरुवातीला, आणि मी शहाणा बसवत होतो आतल्या एका कप्प्यात, पार्टिशनमध्ये! बेलचं बटण आतल्या खोलीत लावायचं आणि पाहुणे का येत नाहीत म्हणून वाट बघायची, तसला प्रकार.

मुलाखतीला चाललोय. दाजींचा निळा शर्ट न विचारता घातलाय, तेवढं सांभाळून घे.

नोकरी गेल्यापासून या घरात मला कोणी बल्बसुद्धा बदलू देत नव्हतं. तू अख्खं दुकान माझ्या हातात दिलंस. स्क्रीन काळी ती काळीच, तरी "होईल का रे?" असं तू एकदाही विचारलं नाहीस. दर वेळी विचारलंस, "कधी होईल?"

दाजींच्या शर्टाबरोबर तुझं ते "कधी होईल?"सुद्धा घेऊन निघालोय.

तुझा धाकटा